'निरंशक' आणि 'भर्तव्य' : अपंगांविषयीच्या दुजाभावाचा एक ऐतिहासिक धागा

अपंग व्यक्तींविषयीचा भेदभाव म्हटला की उघड नकार डोळ्यांसमोर येतो. काळजीच्या भाषेत वावरणारा दुजाभाव मात्र सहसा लक्षात येत नाही. त्याचा एक धागा हिंदू वारसा कायद्याच्या इतिहासात शोधण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

याज्ञवल्क्यस्मृतीच्या दायविभागात पंगू, अंध, जड, उन्मत्त इत्यादींना 'निरंशक' ठरविले आहे. म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेत त्यांना वाटा नाही. त्याच श्लोकात ते 'भर्तव्य' आहेत, त्यांचे पोषण करावे, असेही सांगितले आहे. त्यांच्या निर्दोष पुत्रांना मात्र वाटा मिळे; हक्क जणू त्या व्यक्तीला ओलांडून पुढच्या पिढीकडे जाई. विज्ञानेश्वराची मिताक्षरा ही या स्मृतीवरील टीका ब्रिटिश न्यायालयांनी महाराष्ट्रासह देशाच्या मोठ्या भागात प्रमाण मानली आणि धर्मशास्त्रातील हा नियम न्यायालयीन निवाड्यांत आला.

1928 च्या कायद्याने मिताक्षरा पद्धतीतील ही अपात्रता बव्हंशी दूर केली. जन्मतः वेडसर किंवा मतिमंद मानलेल्या व्यक्तींना त्यातूनही वगळले होते. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम 28 ने रोग, दोष वा व्यंग या कारणास्तव कोणीही वारसाहक्कास अपात्र ठरणार नाही, असे स्पष्ट केले. पुढे 1995 व 2016 चे अपंग हक्कविषयक कायदे आले.

'निरंशक' अशा रीतीने कायद्यातून गेला. 'भर्तव्य' या कल्पनेस मात्र कोणी हात लावला नाही, कारण ती कोणाला अन्यायकारक वाटलीच नाही. पोषणाची जबाबदारी नाकारावी असे येथे सुचवावयाचे नाही. परंतु ज्याचे पोषण करावयाचे त्याचे मत विचारण्याची गरज नाही, ही त्यामागील धारणा आजही व्यवहारात दिसते. खिडकीवरील कारकून चाकाच्या खुर्चीतील स्त्रीचे नाव तिच्या सोबत्याला विचारतो. अंध गृहस्थाला रस्ता ओलांडावयाचा आहे की नाही, हे न विचारताच त्याचा हात धरला जातो.

महाविद्यालयेही यास अपवाद नाहीत. प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यातील एका दृष्टिहीन प्राध्यापकांचे नाव 'सरांना उगाच त्रास नको' म्हणून परीक्षेच्या कामातून वगळण्यात आले. त्या कामाचे मानधनही अर्थातच गेले. हेतू सद्भावनेचाच होता. सूचनाफलकावर लागलेली ती यादी सरांनी शिपायाकडून वाचून घेतली, तेव्हा त्यांना हा निर्णय कळला.