वऱ्हाडचे उगवते वेगवान गोलंदाज आणि त्यांचे चाहते

अमरावती-अकोल्याकडचा तरुण वेगवान गोलंदाज भारतीय संघाच्या आसपास येण्याच्या कितीतरी आधीपासून त्याचे आकडे तोंडपाठ ठेवणारा रसिकवर्ग वऱ्हाडात आहे. अमरावतीत राजापेठेत, बडनेरा रस्त्यावरच्या चहाच्या टपरीवर ‘आपल्या पोट्ट्यानं आज किती घेतल्या?’ असा प्रश्न आला, तर तो आयपीएलबद्दलच असेल असे नाही. १९ वर्षांखालच्या कूचबिहार करंडकाबद्दलही असतो. त्या सामन्यांना दूरदर्शनचे कॅमेरे क्वचितच असतात, नागपूरजवळचे जामठा मैदान इथून सुमारे दीडशे किलोमीटर. त्यामुळे हा चाहता गोलंदाजी पाहत नाही, ती मोबाइलवरच्या धावफलकातून वाचतो.

पायऱ्या ठरलेल्या आहेत: १६ वर्षांखाली विजय मर्चंट करंडक, मग कूचबिहार, २३ वर्षांखाली सी. के. नायडू करंडक आणि शेवटी रणजी. विदर्भ १९५७-५८ पासून रणजी खेळतो, पण विदर्भाचा पहिला कसोटीपटू, उमेश यादव, उगवला २०११ मध्ये. वलनीच्या कोळसा खाणीतल्या कामगाराच्या या मुलाने २००८ मध्ये रणजीत पदार्पण केले आणि त्या हंगामात चार सामन्यांत २० बळी घेतले. तेव्हापासून थोड्या वेगाने चेंडू टाकणाऱ्या प्रत्येक मुलाला ‘पुढचा उमेश’ म्हणण्याची खोड इकडे लागली. ती मुलांच्या फारशी हिताची नाही.

अकोला क्रिकेट क्लबने या चाहत्यांना दोन नावे दिली. आदित्य ठाकरेचे प्रथम श्रेणी पदार्पण थेट २०१७-१८ च्या रणजी अंतिम सामन्यात, इंदूरला दिल्लीविरुद्ध झाले. विदर्भाच्याच रजनीश गुरबानीच्या हॅटट्रिकने गाजलेला तो सामना जिंकून विदर्भाने १ जानेवारी २०१८ रोजी पहिल्यांदा करंडक उचलला. त्याच महिन्यात ठाकरेला १९ वर्षांखालील विश्वचषकासाठी न्यूझीलंडला बोलावणे आले, तेही बदली गोलंदाज म्हणून.

दुसरे नाव दर्शन नळकांडे. जन्म वर्ध्याचा, पण चाहते त्याला अकोल्याचाच धरतात. २० नोव्हेंबर २०२१ रोजी दिल्लीत सय्यद मुश्ताक अली टी-२० स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात कर्नाटकाच्या डावाच्या शेवटच्या षटकात त्याने चार चेंडूंत चार गडी बाद केले: अनिरुद्ध जोशी, शरत, सुचित, अभिनव मनोहर. इतके करूनही विदर्भ चार धावांनी हरला. त्या संध्याकाळी आनंद करायचा की हळहळायचे, हे कोणालाच नीट ठरवता आले नसणार.

तसाच पेच पुन्हा पडला तो मुंबईत, ब्रेबॉर्न स्टेडियमवर, ८ एप्रिल २०२२ रोजी. गुजरात टायटन्सकडून नळकांडेचा तो पहिलाच आयपीएल सामना. समोर पंजाब किंग्जकडून अमरावतीचा यष्टिरक्षक-फलंदाज जितेश शर्मा ११ चेंडूंत २३ धावा करून रंगात आला होता. नळकांडेने त्याला झेलबाद केले आणि लगेच पुढच्या चेंडूवर ओडियन स्मिथलाही. म्हणजे अकोल्याच्या पोराने पहिला बळी घेतला तो अमरावतीच्याच पोराचा. सामना गुजरातने शेवटच्या दोन चेंडूंवर राहुल तेवतियाने मारलेल्या दोन षटकारांनी जिंकला; ते षटक टाकत होता ओडियन स्मिथ.