आठवीतला पैलवान आणि तालमीतला फुटबॉल

थोडं लांबलंय, पण घरात शाळेत जाणारं आणि तालमीत उतरणारं पोरगं-पोरगी असेल तर वाचा.

गेल्या आठवड्यात एका पालकाचा फोन आला. माझाच जुना विद्यार्थी. त्याचा पोरगा आठवीत आहे. अंगानं काटक, आठशे मीटर चांगला पळतो, शाळेच्या कबड्डी संघात आहे आणि दोन वर्षं झाली तालमीत जातो. आता वस्तादांनी बजावलंय, "बाकीचं सगळं बंद. कबड्डीत गुडघा गेला तर कोण भरून देणार? पैलवान व्हायचं तर फक्त कुस्ती. आपली परंपराच तशी आहे." बाप मला विचारत होता, "सर, काय करू?"

वस्ताद माणूस चांगला आहे, पोरावर त्यांचा जीव आहे. म्हणून फोनवर लगेच काही बोललो नाही. पण तो ‘परंपरा’ शब्द काही डोक्यातून जाईना. कारण आपल्या भागातली परंपरा अशी नव्हती, हे आपल्याच डोळ्यांसमोर आहे आणि आपल्याला दिसत नाही.

कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर फुटबॉलची मॅच असली की आपण कुणाच्या नावानं ओरडतो? पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम. बाहेरच्या माणसाला याचं फार नवल वाटतं. फुटबॉलच्या संघाला तालमीचं नाव कसं? आपल्याला त्यात काहीच वावगं वाटत नाही, कारण पेठेतली तालीम म्हणजे नुसता हौदा कधीच नव्हता. पहाटे लाल मातीत लढत, संध्याकाळी लाठी, दांडपट्टा असले मर्दानी खेळ, सणाला लेझीम, आणि पुढं फुटबॉल आला तर तोही त्याच पोरांनी उचलला. तालीम हे पेठेतल्या पोरांचं एकत्र येण्याचं ठिकाण होतं. त्यातली काही पोरं पैलवान व्हायची. बहुतेक व्हायची नाहीत, आणि त्याचं कुणाला दुःखही नसायचं.

मग ‘फक्त कुस्ती’ कुठून आली? तीही होती, नव्हती असं नाही. शाहू महाराजांच्या कारकिर्दीत, म्हणजे १८९४ ते १९२२ या काळात, कुस्तीला जो राजाश्रय मिळाला त्यातून पूर्णवेळ पैलवान उभा राहिला. महाराज १९०२ मध्ये युरोपला गेले, रोमचं जुनं क्रीडांगण पाहिलं आणि त्यावरून खासबाग मैदानाची कल्पना सुचली, असं सांगतात. ते मैदान १९१२ मध्ये उभं राहिलं. दरबाराच्या पैलवानाला दूध, तूप, बदाम, मटण असा खुराक दरबारातून मिळायचा. त्याला दुसरं काम नव्हतं, कारण कुस्ती हेच त्याचं काम होतं. पण तो पैलवान वाढलेला गडी असायचा. खुराकाची आणि म्हातारपणाची थोडीफार हमी असलेला. आठवीतल्या पोराला आपण त्या पैलवानाचा दिनक्रम लावतोय आणि त्याच्यामागे दरबार मात्र नाही.

गावाकडची गोष्ट आणखी वेगळी. गावच्या पैलवानाला हंगाम असायचा. पावसाळ्यात शेत, सुगी उरकली की जत्रा, आणि कुस्तीची मैदानं त्या जत्रांच्या मागोमाग. मोट, नांगर, कुळव, उसाच्या मोळ्या, विहिरीत पोहणं या सगळ्यातून त्याचं अंग घडायचं. त्याला ‘क्रॉस ट्रेनिंग’ म्हणायची कुणाला गरज वाटली नाही, एवढंच.

आणि मल्लखांब? नावातच मल्ल आहे. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी तो पुन्हा चालू केला, अशी कथा आपण लहानपणी ऐकली. कथेतला चमत्कार बाजूला ठेवा. मुद्दा हा की कुस्तीत कमी पडतंय ते कुस्तीबाहेर जाऊन कमवायचं, हे त्या लोकांना समजलं होतं. पकड, तोल, हवेत अंग वळवणं हे हौद्यात शिकायला जोडीदाराची हाडं मोडावी लागतात. खांबावर ते एकट्यानं शिकता येतं. आज मल्लखांब हा स्वतंत्र खेळ झालाय, चांगलंच आहे. पण किती तालमींत पैलवानाची पोरं खांबावर चढताना दिसतात, सांगा.

आता खाशाबा जाधव. दरवर्षी १५ जानेवारीला शाळांमध्ये त्यांच्या फोटोला हार घालतात, कारण त्यांचा जन्मदिवस आता राज्याचा क्रीडा दिन आहे. भाषणात हेलसिंकी, ब्राँझ पदक आणि ‘स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक’ एवढं येतं आणि बुंदी वाटली जाते. खाशाबा शाळेत असताना काय करत होते, हे कुणी सांगत नाही.

कराडजवळचं गोळेश्वर हे त्यांचं गाव. जन्म १९२६. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, त्यांनी पोराला पाचव्या वर्षीच मातीत उतरवलं. म्हणजे सुरुवात लवकर झाली, हे वस्तादांच्या बाजूनं धरा. पण १९४० ते १९४७ या काळात कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिकणारा हा मुलगा वेटलिफ्टिंग, पोहणं, धावणं, हातोडाफेक या सगळ्यांत होता. घरात कुस्ती, शाळेत बाकीचे खेळ. एकानं दुसऱ्याला अडवलं नाही. त्याच दिवसांत ‘चले जाव’ची चळवळही केली.

पुढं कोल्हापूरला राजाराम कॉलेज. १९४८ मध्ये लंडन ऑलिम्पिकला फ्लायवेटमध्ये सहावा नंबर. मातीत वाढलेला गडी मॅटवर लढला आणि पहिल्याच खेपेला सहावा आला, ही साधी गोष्ट नाही. नवी जागा, नवे नियम, गुण मोजायची नवी पद्धत. १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले, ही गोष्ट तुम्हाला ठाऊक आहेच. तिथं बँटमवेटमध्ये कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या पैलवानांना हरवलं. हार पत्करावी लागली ती सोविएत संघाच्या आणि जपानच्या मल्लाकडून.

आता तो जपानी मल्ल बघा. शोहाची इशी. सुवर्णपदक त्यानंच नेलं. हा खाशाबांच्याच वयाचा पोरगा मुळात ज्युदोचा. महायुद्धात जपान हरल्यावर अमेरिकन लष्करी प्रशासनानं ज्युदोवर बंदी घातली, तेव्हा तो कुस्तीकडं वळला. जपानच्या आधुनिक कुस्तीची सुरुवातच अशी झाली. वासेदा विद्यापीठाचा ज्युदोपटू इचिरो हत्ता १९२९ मध्ये संघाबरोबर अमेरिकेला गेला, तिथल्या मल्लांपुढं ज्युदोवाल्यांची डाळ शिजली नाही, म्हणून परत येऊन त्यानं १९३१ मध्ये कुस्तीचा क्लब काढला. ज्या लढतीचा आपण सत्तर वर्षं हळहळून उल्लेख करतो, तिच्यात समोर उभा असलेला गडी दुसऱ्या खेळातून आलेला होता!

हे सगळं बदललं कधी? एका दिवसात नाही बदललं. मॅट आलं. शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालच्या गटांत आणि वजनाच्या किलोवर चालू झाल्या. सर्टिफिकेटला किंमत आली. दहावी-बारावीला वाढीव गुण, पुढं सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण. यात चुकीचं काही नाही, शेतकऱ्याच्या पोराला याचा आधार आहे. पण त्यामुळं बापाचं गणित बदललं. तीन खेळांत तालुक्यापर्यंत जाण्यापेक्षा एका खेळात राज्याला गेलेलं बरं. मग निवासी संकुलं निघाली, महिन्याची फी घेऊन पाचवी-सहावीतली पोरं ठेवून घेणारी. २०१६ ला ‘दंगल’ आला आणि घराघरांत महावीर फोगाट तयार झाले.

फोगाट बहिणी जिंकल्या, हे खरं आहे. गीतानं २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण मिळवलं, त्याला लहानपणापासूनची कडक मेहनत कारण होती, हेही खरं. पण आपल्याला जिंकलेलं एक घर दिसतं. माझ्या नोकरीच्या तीसेक वर्षांत मी दुसरी पोरं पाहिली. नववीतच खांदा गेलेली. कान फुटलेली, ते चालतं, पैलवानाची खूण आहे ती. पण मनच उडालेली. एक पोरगी अकरावीत कुस्ती सोडून गेली ती परत कुठल्याच मैदानावर दिसली नाही. तिला कुस्तीशिवाय दुसरा खेळ येतच नव्हता.

अमेरिकेत हायस्कूलला कुस्ती फार मोठ्या प्रमाणावर आहे. तिथं शाळेचे खेळ हंगामानं वाटलेले. शरद ऋतूत त्यांचा तो अंगावर जाणारा फुटबॉल, हिवाळ्यात कुस्ती, वसंतात धावणं-फेकणं किंवा बेसबॉल. एकच पोरगा तिन्ही खेळतो आणि तिन्ही कोच त्याला वाटून घेतात. म्युनिकला १९७२ मध्ये एकही गुण न देता सुवर्ण जिंकणारा डॅन गेबल म्हणजे कुस्तीचं वेड लागलेल्या माणसाचं उदाहरण, पण तोसुद्धा लहानपणी वायएमसीएच्या तलावात पोहायचा. आता तिथंही बारमाही कुस्तीचे क्लब आलेत आणि हाच वाद चालू आहे. तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१६ मध्ये स्पष्ट सांगितलं, की बहुतेक खेळांत पंधरा-सोळा वर्षांच्या आधी एकाच खेळाला जुंपू नका. अतिवापरानं होणाऱ्या दुखापती आणि खेळाचा वीट येणं, ही त्यांची मुख्य कारणं.

कुस्तीत तिसरं कारणही आहे. वजन. १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अमेरिकेतले तीन कॉलेज पैलवान वजन उतरवताना मेले. घाम काढायला रबरी कपडे, गरम खोली, पाणी बंद. त्यानंतर नियम बदलले. हायस्कूलला २००६ पासून हंगामाआधी शरीरातलं पाणी आणि चरबी तपासतात, मुलांना ७ आणि मुलींना १२ टक्के चरबीच्या खाली जाऊन लढू देत नाहीत. आपल्याकडं पॅरिसला शंभर ग्रॅमसाठी विनेश फोगाटचं पदक गेलं तेव्हा सगळा देश हळहळला. पण तालुक्याच्या स्पर्धेत ४५ किलोच्या गटात बसण्यासाठी आदल्या रात्री उपाशी ठेवलेलं चौदा वर्षांचं पोर वजनकाट्यावर उभं राहतं तेव्हा, ‘बाळा, कालपासून पाणी प्यालास का?’ असं विचारताना मी तरी कुणाला पाहिलेलं नाही. जे पोर वर्षातून तीन-चार महिने कुस्ती लढतं ते तेवढाच काळ काट्याला घाबरतं. बारमाही लढणारं बारा महिने घाबरतं, आणि तेही ऐन वाढीच्या वयात.

वस्तादांचं म्हणणं मी अगदीच उडवून लावत नाही. कुस्ती हा हाताला कळायचा खेळ आहे. पट काढणं, ढाक लावणं, समोरच्याचं वजन कुठल्या पायावर आहे हे न बघता ओळखणं, याला वर्षानुवर्षं माती खावी लागते. वीस वर्षांचा झाल्यावर ‘आता कुस्ती शिकतो’ म्हणून भागत नाही. म्हणून लहानपणी तालीम हवीच. माझं भांडण ‘फक्त’ या शब्दाशी आहे. आणि खरं सांगायचं तर वस्तादांपेक्षा आपल्या वेळापत्रकाशी जास्त आहे. तालुक्याच्या कुस्ती, कबड्डी आणि मैदानी स्पर्धा पावसाळ्यानंतरच्या त्याच दोन-अडीच महिन्यांत कोंबलेल्या असतात. एका वर्षी माझ्या शाळेच्या एका मुलाची कुस्तीची वजनं आणि आठशे मीटरची प्राथमिक फेरी एकाच सकाळी, दोन वेगळ्या गावांत आली. मी मोटारसायकल घेऊन तयार होतो. नाही जमलं. त्यानं कुस्ती निवडली, दुसऱ्या फेरीत हरला आणि गाडीवर माझ्यामागं बसून घरापर्यंत एक शब्द बोलला नाही.

या वेळापत्रकावर जिल्हा परिषदेत, शाळा समितीत कुणी बोलत नाही. मैदानं हंगामानं वाटून घेतली तर पैसा लागत नाही. कुस्ती सुगीनंतर घ्या, पूर्वी जत्रेच्या वेळी व्हायची तशी. पुढच्या महिन्यात शाळा समितीच्या बैठकीला जे जाणार आहात त्यांनी निदान एवढा विषय मांडा. मी लेखी अर्जाचा मसुदा करून ठेवलाय, हवा असेल तर कमेंटमध्ये सांगा.

त्या बापाला काल परत फोन केला. म्हटलं, दहावीपर्यंत तालीम सोडू नको आणि पळणंही सोडू नको. कबड्डी शाळेच्या संघापुरती राहू दे. वजन उतरवायला कुणी सांगितलं तर आधी मला सांग. पोराला काय वाटतं ते विचारलंस का? तो गप्प झाला. मग म्हणाला, "ते पळायला मिळणार नाही म्हणून रडतंय सर." आणि थोड्या वेळानं, "पण वस्तादांना काय सांगू?"

मी येतो बोलायला, म्हटलं. रविवारी पहाटे जाणार आहे, लढती सुटायच्या वेळेला.