लसीसाठी बक्षीस की बंदी? इन्साफची कसोटी काय

लस घ्यावी म्हणून सरकार दोन रस्ते वापरतं. एक, लस घेणाऱ्याला काहीतरी देणं. दुसरा, न घेणाऱ्याचं काहीतरी अडवणं. लस जीव वाचवते, यात आम्हाला शंका नाही. सवाल एवढाच, की बक्षीस किंवा बंदी जायज कधी ठरते?

मुंबईचा जुना अनुभव

1896 मध्ये मुंबईत प्लेग आला. घरोघरी झडत्या, रुग्णांना जबरदस्तीने हलवणं सुरू झालं. मार्च 1898 मध्ये मदनपुऱ्यात, विणकरांच्या वस्तीत, अशाच प्रकारावरून दंगल पेटली. त्याच काळात डॉ. हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली. लोक घाबरत होते, तेव्हा आगा खान तिसरे यांनी सर्वांसमोर स्वतः टोचून घेतलं आणि आपल्या अनुयायांची भीती कमी केली. शहर तेच, आजार तोच. जबरदस्तीने लोक बिथरले, भरवशाने पुढे आले.

2021: लोकल, रेशन, पगार

15 ऑगस्ट 2021 पासून सामान्य प्रवाशांसाठी लोकल सुरू झाली, पण दोन डोस घेऊन 14 दिवस झालेल्यांनाच. आता हिशोब करून बघा. 18 वर्षांवरच्या सर्वांसाठी केंद्राची मोफत लस 21 जूनला सुरू झाली. कोविशिल्डच्या दोन डोसांत किमान 84 दिवसांचं अंतर होतं. म्हणजे पहिल्याच दिवशी रांगेत उभा राहिलेला तरुणसुद्धा 27 सप्टेंबरच्या आधी लोकलमध्ये चढू शकत नव्हता. बोरिवली किंवा मुलुंडहून रोज कामाला जाणाऱ्या अशा माणसाने लस नाकारली नव्हती. तरी सजा त्यालाच झाली.

नोव्हेंबर 2021 मध्ये औरंगाबाद जिल्हा प्रशासनाने किमान एक डोस नसेल तर रेशन, गॅस आणि पेट्रोल देऊ नये असा आदेश काढला. ठाणे महापालिकेने लस न घेतलेल्या कर्मचाऱ्यांचे पगार रोखायचं ठरवलं. उलट चंद्रपूर महापालिकेने लकी ड्रॉ ठेवला: फ्रिज, वॉशिंग मशीन, टीव्ही.

कोर्ट काय म्हणालं

2 मे 2022 रोजी जेकब पुलियल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तीन गोष्टी सांगितल्या. कुणालाही बळजबरीने लस देता येणार नाही. सार्वजनिक आरोग्यासाठी सरकार निर्बंध घालू शकतं, पण ते प्रमाणात हवेत. आणि लसीच्या दुष्परिणामांची माहिती लोकांसमोर यायला हवी. हा निकाल कोविड लशींपुरता होता, मुलांच्या नेहमीच्या लशींना तो लागू नाही.

एक किलो डाळ

राजस्थानच्या उदयपूर जिल्ह्यात अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. तो 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीच्या व्यवस्थेत फक्त 6 टक्के मुलांचं लसीकरण पूर्ण होतं. गावात नियमित कॅम्प भरू लागल्यावर प्रमाण 18 टक्क्यांवर गेलं. कॅम्पमध्ये दर लसीला एक किलो डाळ आणि कोर्स पूर्ण झाल्यावर थाळ्या मिळू लागल्या, तेव्हा 39 टक्क्यांवर. त्या आईबापांचा लसीला विरोध नव्हता. बुडणारी मजुरी आणि लांबचा फेरा त्यांना अडवत होता. अशी डाळ म्हणजे लाच नाही, खर्चाची भरपाई आहे.

मुलांची गोष्ट वेगळी

मोठा माणूस स्वतःपुरता निर्णय घेतो. मूल घेऊ शकत नाही. 2022 च्या शेवटी गोवंडीत गोवर पसरला, मुलं दगावली. गोवरची लस 9 ते 12 महिन्यांत आणि 16 ते 24 महिन्यांत, दोन डोसांत मोफत मिळते. तरीही अनेक मुलं राहून गेली होती. तेव्हा महापालिकेने उलेमांची मदत घेतली, मशिदींमधून आवाहनं झाली. मग लस नसलेल्या मुलाला शाळेत घेऊ नये का? आम्ही शिक्षक म्हणून याच्या विरोधात आहोत. चूक पालकांची किंवा व्यवस्थेची, आणि दरवाजा बंद व्हायचा मुलासाठी! शाळेने लसीचं कार्ड जरूर पाहावं, पण मुलाला परत पाठवायला नव्हे, जवळच्या आरोग्य केंद्रात पोहोचवायला.

दीनचा नजरिया

जानेची हिफाजत हा शरीयतच्या पाच मोठ्या उद्दिष्टांपैकी एक आहे. दुसऱ्याला इजा पोहोचवू नये, हेही फिकहचं मूळ तत्त्व. हजला जाणारे मेंदूज्वराची लस सक्तीची असूनही बिनतक्रार घेतात. कारण अट आधीपासून माहीत असते, सर्वांना सारखी असते आणि लस वेळेत मिळते.

मग कसोटी काय?

कोणत्याही बक्षिसाला किंवा बंदीला आम्ही चार प्रश्न विचारू:

1. लस सर्वांपर्यंत खरंच पोहोचली आहे का?
2. न घेतल्याने दुसऱ्याला किती धोका आहे?
3. बंदीने रोटी, रोजी किंवा शिक्षण तर हिरावलं जात नाही ना?
4. घाबरणाऱ्याला समजावणारं, त्याचं ऐकून घेणारं कुणी भेटलं का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर "नाही" असेल, तर पुढचे तीन विचारायची गरजच नाही. तिथे दंड लावणं म्हणजे गरिबाला त्याच्या गरिबीची सजा देणं. आणि उत्तर "हो" असेल, तर जबाबदारी आपल्यावर येते. घरातल्या लहानग्याचं लसीचं कार्ड आजच काढून बघा, एखादा डोस राहिला तर नाही ना?