कर्क्युमिनयुक्त नॅनोवाहक

कर्क्युमिनयुक्त नॅनोवाहक म्हणजे हळदीतील कर्क्युमिन हे पिवळे द्रव्य वाहून नेणारे अतिसूक्ष्म कण होत. फ्लुकोनॅझोल या औषधाला दाद न देणाऱ्या बुरशींमुळे त्यांच्या संशोधनास महत्त्व आले. प्रयोगशाळेत कर्क्युमिन कॅन्डिडा या बुरशीची वाढ रोखते. परंतु ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही व आतड्यांतून अत्यल्प शोषले जाते. त्यामुळे केवळ हळद खाऊन बुरशीसंसर्ग बरा होत नाही.

लायपोसोम नावाच्या स्निग्ध आवरणाच्या गोलकांत साठवल्यास कर्क्युमिन पाण्यात विखुरलेले राहते, विघटनापासून वाचते आणि सावकाश मोकळे होते. याच तत्त्वावरील लायपोसोमल अँफोटेरिसिन बी मूळ औषधापेक्षा मूत्रपिंडांना कमी अपायकारक असून २०२१ मध्ये भारतातील म्युकरमायकोसिसच्या रुग्णांसाठी ते वापरले गेले. कर्क्युमिनचे नॅनोवाहक मात्र अद्याप संशोधनावस्थेत असून प्रमाणित उपचारांना पर्याय नाहीत.