थांबणें जाणणारी पेशी



देवगडला लागून असलेल्या जामसंडें गांवच्या कातळावरून वैशाखांत कोणी गेला असेल, तर तेथील हापुसाच्या बागा त्याच्या ध्यानांत राहिल्या असतीलच. परंतु झाडाच्या बुंध्यापाशीं असलेला जोड सहसा कोणी पाहत नाहीं. हापुसाचा बाठा रुजविला तर हापूसच येईल असा भरंवसा नसतो. बीजांत दुसऱ्या झाडाचा अंश मिसळलेला असतो. म्हणून बागाईतदार रायवळ आंब्याचें रोप खुंट म्हणून घेतो, त्यास छेद देतो आणि त्यांत हापुसाची काडी बसवून घट्ट बांधतो. कांहीं आठवड्यांनीं जखम भरते व काडीला पालवी फुटते.

या साध्या क्रियेंत जीवशास्त्रांतील एक मोठा प्रश्न दडलेला आहे. छेद पडतांच दोन्ही बाजूंच्या पेशी वाढूं लागतात. एकीच्या दोन, दोहोंच्या चार होतात. फट भरून निघते आणि रसवाहिन्या जुळतात. मग हें काम आवरतें. तें आवरलें नसतें, तर त्या जागीं निरुपयोगी गांठ मात्र वाढत राहिली असती. वाढावें केव्हां आणि थांबावें केव्हां, हें पेशीला कोण सांगतें? आज या प्रश्नाचा इतिहास थोडक्यांत सांगावयाचा आहे.

वनस्पतींचें शरीर पेशींचें बनलेलें आहे असें श्लायडेन यांनीं १८३८ सालीं मांडलें; पुढच्याच वर्षीं श्वान यांनीं तोच सिद्धांत प्राण्यांस लागू केला. नवी पेशी कशी उपजते याविषयीं मात्र दोघांचाही तर्क चुकला. ती द्रवांतून स्फटिकासारखी घडते असें त्यांस वाटे. रेमाक यांनीं, आणि त्यांच्यामागून १८५५ सालीं फिरशॉ यांनीं, पेशी ही पेशीपासूनच जन्मते असें ठासून सांगितलें. १८८२ सालीं फ्लेमिंग यांनीं विभागणीच्या वेळीं केंद्रकांतील सूत्रें उभीं चिरलीं जातात, हें आपल्या ग्रंथांत सचित्र दाखविलें. या सूत्रांची वांटणी दोन्ही कन्यापेशींत सारखी होते. म्हणूनच काडीची प्रत्येक नवी पेशी हापुसाचीच राहते, आणि खुंट रायवळच राहतो.

पुढें १९५३ सालीं हॉवर्ड आणि पेल्क यांनीं बाकल्याच्या मुळांवर किरणोत्सारी फॉस्फरसाचा प्रयोग करून दाखविलें कीं, दोन विभागण्यांमधील काळांत पेशी स्वस्थ बसलेली नसते. त्या काळाच्या एका ठराविक भागांत ती आपल्या आनुवंशिक द्रव्याची दुसरी प्रत तयार करते; त्याच्या आधीं व नंतर एकेक अंतर असतें. हेंच पेशीचें चक्र.

आतां थांबण्याचा प्रश्न. येथें कमल रणदिवे यांचें स्मरण झाल्यावांचून राहत नाहीं. १९१७ सालीं पुण्यांत जन्मलेल्या या विदुषीनें आरंभीं सीताफळाच्या कुळांतील वनस्पतींच्या गुणसूत्रांचा अभ्यास केला. पुढें मुंबईस डॉ. वसंत खानोलकर यांच्या हाताखालीं त्या कर्करोगाच्या संशोधनाकडे वळल्या. कर्करोग म्हणजे तरी काय? थांबणें विसरलेल्या पेशींचा पसारा. बाल्टिमोर येथील जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेंत त्यांनीं शरीराबाहेर पेशी वाढविण्याचें तंत्र आत्मसात केलें. याच प्रयोगशाळेंत १९५१ सालीं हेन्रिएटा लॅक्स या रुग्ण स्त्रीच्या अर्बुदांतील पेशी, तिची संमति न घेतां, वाढविण्यांत आल्या होत्या. ती बाई त्याच वर्षीं निवर्तली. तिच्या पेशी आजही दुभंगत आहेत. मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रांत रणदिवे यांनीं १९६० नंतरच्या दशकांत या तंत्राची आपल्या देशांतील पहिली प्रयोगशाळा उभी केली, आणि स्तनाच्या कर्करोगाचा आनुवंशिकतेशीं असलेला संबंध शोधण्यांत आयुष्य वेंचलें.

प्रश्नाचें उत्तर मात्र अनपेक्षित जागीं सांपडलें. हार्टवेल यांस तें पाव फुगविणाऱ्या यीस्टमध्यें, नर्स यांस दुसऱ्या एका जातीच्या यीस्टमध्यें, तर हंट यांस १९८२ सालीं एका कांटेरी समुद्रप्राण्याच्या अंड्यांत गवसलें. पेशींत एक प्रथिन ठराविक वेळीं सांचतें व नाहींसें होतें; त्याच्या जोडीनें दुसरें प्रथिन विभागणीची आज्ञा देतें; आणि वाटेंत चौक्या असतात, जेथें काम नीट झालें नसेल तर पेशी अडविली जाते. १९८७ सालीं नर्स यांच्या प्रयोगशाळेंत यीस्टचा बिघडलेला घटक माणसाच्या घटकानें भरून काढला, आणि यीस्ट पुन्हां दुभंगूं लागलें. खुंट यीस्टचा, काडी माणसाची, आणि कलम जुळलें! २००१ सालीं या तिघांस नोबेल पारितोषिक मिळालें. त्याच वर्षीं, कांहीं महिने आधीं, कमलताई निवर्तल्या होत्या. २०१५ सालापासून स्तनाच्या कांहीं कर्करोगांत याच आज्ञेस आवर घालणारीं औषधें वापरांत आलीं.

जामसंड्याचा बागाईतदार जोड नीट भरलेला पाहून बांधलेली पट्टी सोडतो. आंतल्या पेशींनीं आपलें काम वेळेवर आवरतें घेतलें, याचीच ती खूण. आपल्याही देहांत बोट कापल्यावर हेंच घडतें आणि आपल्यास त्याचा पत्ताही लागत नाहीं. जेथें तें घडत नाहीं, त्या घराचें दुःख आपणांपैकीं अनेकांनीं जवळून पाहिलें असेल. वाढणें हें जीवनाचें लक्षण खरेंच. परंतु वेळीं थांबणें हेंही तितकेंच.