चाकात शिरलेलं पाणी

३७ दिवस आधी : १७ सप्टेंबर २०२४, संध्याकाळ

त्या वर्षी मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन आणि अनंत चतुर्दशी एकाच दिवशी आले. सकाळी झेंडा, संध्याकाळी गणपती. नांदेडला मेव्हण्याच्या मंडळाला ट्रॉली हवी होती, म्हणून लोहा तालुक्यातल्या आमच्या गावातून पुतण्या ती घेऊन गेला. गोदावरीच्या काठावर त्याने ट्रॉली मागं मागं घेत पाण्यात उतरवली. "अजून जरा घे, अजून जरा घे," असं ओरडणारा मीच होतो. चाकांचे हब पुरते बुडाले तेव्हा कुठं माझं समाधान झालं.

पन्नासेक किलोमीटर धावून हब तापलेले होते. तापलेला हब गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि बाहेरचं काहीतरी आत ओढून घेते. ऑइल सीलची कड शाबूत असेल तर पाणी बाहेरच राहतं. आमचं सील ट्रॉली घेतली तेव्हापासूनचं. वर डाव्या चाकाची टोपी दोन वर्षांपूर्वीच कुठंतरी पडलेली. तिच्या जागी ऑइलच्या डब्याचा कापलेला तळ ट्यूबच्या पट्टीने बांधलेला. परदेशात ट्रेलरवरून तळ्यात बोट उतरवणारे लोक आधी हब निवू देतात. काही जण तर आत ग्रीस दाबून ठेवणारी स्प्रिंगची टोपी बसवतात. आम्ही गुलाल झटकला आणि घरी आलो.

३६ दिवस आधीपासून आदल्या दिवसापर्यंत

ट्रॉली चिंचेखाली उभी. सोयाबीन निघेपर्यंत तिला कुणी हात लावला नाही. खरी नासाडी याच दिवसांत झाली. चाक फिरत असतं तर ग्रीस निदान सगळीकडे पसरलं असतं. उभ्या चाकात पाणी खाली साचतं आणि रोलर जिथं टेकलेले असतात नेमका तिथंच गंज धरतो. नंतर मी ती बेअरिंगची वाटी हातात घेऊन पाहिली. आतून सारख्या अंतरावर तांबूस रेघा, जणू कुणी पट्टी धरून आखल्यात.

८ तास आधी : २३ ऑक्टोबर, संध्याकाळी ७.२०

दिवाळी आठवड्यावर आलेली. सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये, पण तो कागदावर. बाजार त्याच्या खालीच होता. तरी लातूरच्या आडतीत चार पैसे बरे मिळतात, या आशेवर ७० कट्टे भरले. माझे निम्मे, दादाचे निम्मे.

पुतण्या म्हणाला, "काका, चाकाचं ग्रीस बघायचं का?"

"आता भरल्यावर कुठं जॅक लावतोस? आल्यावर बघू."

दुपारी ट्रॉली रिकामी होती तेव्हा तासाभराचं काम होतं. जॅक लावायचा, चाक वर-खाली धरून हलवायचं, डुगतंय का बघायचं. पिन काढून नट सोडला की बाहेरचं बेअरिंग हातात येतं. डिझेलमध्ये धुवायचं, रोलरवरून नख फिरवायचं. नख अडलं तर बेअरिंग गेलं. नसेल अडलं, तर तळहातावर ग्रीसचा गोळा घेऊन बेअरिंग त्यावर दाबत राहायचं, दुसऱ्या बाजूने ग्रीस बाहेर येईपर्यंत. नवं सील. मग चाक फिरवत फिरवत नट आवळायचा आणि शेवटी थोडा सैल करायचा. आपल्याकडे हा शेवटचा सैलपणा कुणाला पटत नाही. गच्च आवळलं की पोरांना काम केल्यासारखं वाटतं, आणि बेअरिंग त्यानेच जळतं.

४ तास आधी : रात्री ११.२०

निघालो. पुतण्या चालवायला, मी मडगार्डवर शाल गुंडाळून.

अडीच तास आधी : अहमदपूर

"काका, डावं चाक कुईकुई करायलंय."

"ओझं हाय बाबा. वाजणारच."

दीड तास आधी : शिरूर ताजबंद

चहाला थांबलो. जळकट वास येत होता. मी खाली उतरून टायरला हात लावला. टायर ठीक होतं. हब तिथून वीतभर अंतरावर. रिमच्या आतल्या बाजूला काळपट ओघळ उतरलेले टॉर्चमध्ये दिसले, आणि मी त्याला चिखल म्हणालो. तो चिखल नव्हता. पातळ होऊन बाहेर पडलेलं ग्रीस होतं.

एप्रिल २०१६ च्या दुष्काळात याच लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्या वाघिणींच्या एक्सलच्या टोकांवरही आमच्यासारखेच निमुळते रोलर असतात. पण स्टेशनात गाडी शिरताना रेल्वेची माणसं रुळाशेजारी उभी राहून चाकांचा आवाज ऐकतात, गाडी थांबली की बेअरिंग किती तापलंय ते मोजतात. आमच्याकडे कान होते, नाक होतं, हात होता. पहिल्या दोन्हींनी सांगितलं. हात चुकीच्या जागी लावला.

अर्धा तास आधी : चाकूर

कुईकुई थांबली. "बघ, बसलं की नाही जागेवर," मी म्हणालो.

गॅरेजवाल्याने नंतर सांगितलं की बेअरिंगचा पिंजरा तुटून रोलर अडकले असतील, आणि मग फिरू नये ती आतली रिंगच एक्सलवर फिरू लागली असेल. एक्सलचं टोक निळं पडलं होतं, उसाच्या कांड्यासारखं मोडलेलं.

पहाटे ३.२०

आष्टामोडच्या अलीकडे उतारावर एक चाक आम्हाला मागं टाकून पुढं गेलं. क्षणभर वाटलं, कुणाचं आहे हे? मग ट्रॉली डावीकडे बसली, एक्सलने डांबरावर ठिणग्या काढल्या आणि ती कलंडली. ट्रॅक्टर सरळ राहिला, ते पुतण्याच्या हातांमुळे. कट्टे फुटले. दोन्ही लेनवर सोयाबीन.

चाक पुढच्या एका बंद टपरीला धडकून आडवं झालं होतं. मी ते आणायला निघालो. आधी रस्त्यावर दगड लावावेत, टॉर्च घेऊन मागं उभं राहावं, हे सुचलंच नाही. माल दिसत होता, रस्ता दिसत नव्हता.

पहाटे ३.३५

मागून मोटारसायकल आली. चालवणाऱ्याने आम्हाला पाहिलं, ब्रेकही लावला. पण खाली डांबर नव्हतंच. गोल, कोरडे, गुळगुळीत दाणे होते. जे काम आमच्या बेअरिंगने करायचं होतं ते सोयाबीनने केलं. गाडी आडवी झाली आणि तशीच, आवाज न करता, कितीतरी लांब घसरत गेली.

त्याच्या मांडीचं हाड मोडलं. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत पुतण्या त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला. मी शाल घातली अंगावर. "कुठं चालला होतास?" विचारलं तर म्हणाला, "ड्युटीवर." आणि मग विचारलं, "तुमची ट्रॉली कशानं पलटी झाली?"

मी म्हणालो, "चाक निघालं." पुतण्याने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.