उसना वेग: अमेरिकेच्या कॉलेज फुटबॉलमधला एक धडा

आज आपल्याला अनुकरणाबद्दल बोलायचं आहे, आणि त्यासाठी उदाहरण जरा लांबचं घेतलं आहे: अमेरिकेतला कॉलेज फुटबॉल. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्यांनी या भानगडीत का पडावं, असं कोणी विचारेल. पण एकाची कल्पना दुसऱ्याने उचलली की तिचं काय होतं, हे इथे फार स्पष्ट दिसतं. ग्रंथांतल्या वादाचा निकाल लागायला शतकं जातात; इथे दर शनिवारी लागतो.

आधी खेळ थोडक्यात समजून घेऊ. हा आपल्या ओळखीचा, पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. मैदानावर 11-11 खेळाडू असतात. आक्रमण करणाऱ्या संघाला 4 प्रयत्नांत 10 यार्ड पुढे सरकायचं असतं. सरकला, की पुन्हा 4 प्रयत्न. प्रत्येक प्रयत्नानंतर खेळ थांबतो. मग खेळाडू डोक्याला डोकं लावून गोल करतात आणि पुढची चाल ठरवतात. या गोलाला ‘हडल’ म्हणतात.

या हडलचा उगम साधारणपणे वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट या कर्णबधिरांच्या कॉलेजात, 1890 च्या दशकात, सांगितला जातो. पॉल हबर्ड हा तिथला क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाचा सूत्रधार. तो हाताच्या खुणांनी चाल सांगायचा. पण समोरचा संघही कर्णबधिरांचा असला, तर तो त्या खुणा सहज वाचणार! म्हणून त्याने आपल्या गड्यांना गोलात घेतलं. पुढे ऐकू येणाऱ्यांचे संघही तसंच करू लागले. एकाची गरज ही सगळ्यांची सवय झाली, आणि सवयीला कारण विचारायचं असतं हे लोक विसरले.

ते ज्यांनी विचारलं, त्यांच्यात गस माल्झान हे अर्कान्सॉमधले शाळेच्या संघाचे प्रशिक्षक होते. सामना हातचा जायला लागला की शेवटच्या मिनिटांत सगळेच हडल सोडून घाई करतात. मग पूर्ण सामना तसाच का खेळू नये? 2003 साली त्यांनी यावर पुस्तक लिहिलं. त्याच्या उपशीर्षकात ‘फिलॉसॉफी’ हा शब्द आहे. आम्हाला आधी हसू आलं, मग वाटलं, शब्द अगदीच अस्थानी नाही.

या वेगामागचं तर्कशास्त्र पाहा. आक्रमणाने खेळाडू बदलला, तर बचावालाही बदलायला वेळ द्यावा लागतो, असा नियम आहे. आक्रमणाने कोणालाच बदललं नाही आणि लगेच चेंडू खेळात आणला, तर बचावाचे दमलेले खेळाडू मैदानातच अडकतात. त्यांना ना दम खाता येतो, ना नीट उभं राहता येतं.

ऑरेगन विद्यापीठात चिप केली यांनी हे शास्त्र टोकाला नेलं. 2009 ते 2012 या 4 हंगामांत त्यांच्या संघाने 46 सामने जिंकले आणि फक्त 7 हरले. सरावही तितक्याच वेगाने चाले. जानेवारी 2011 मध्ये हा संघ राष्ट्रीय विजेतेपदाचा सामना 22-19 असा हरला. हरवणारा संघ ऑबर्नचा, आणि ऑबर्नच्या आक्रमणाचे प्रशिक्षक होते हेच माल्झान!

आता प्रतिस्पर्ध्यांनी काय करावं? शेजारच्या वॉशिंग्टन राज्याचं विद्यापीठ हे ऑरेगनचं जुनं वैरी. 2004 पासून ते ऑरेगनकडून दरवर्षी हरत होतं. 2013 मध्ये प्रशिक्षक स्टीव्ह सार्किशियन यांनीही हडल सोडला. लागोपाठ 3 हंगाम 7-7 विजयांवर अडकलेल्या संघाने त्या वर्षी 9 सामने जिंकले. म्हणजे अनुकरण वाया गेलं नाही. पण ऑरेगनशी गाठ पडली तेव्हा 45-24 असा पराभवच झाला. हे समजण्यासारखं आहे. ज्या संघाचा बचाव रोज आपल्याच आक्रमणाचा वेग झेलतो, त्याला तोच वेग दाखवून आपण काय घाबरवणार?

त्याच वर्षी कॅलिफोर्नियाचा बर्कली संघ नव्या प्रशिक्षकाबरोबर असाच वेगाने खेळला आणि 12 सामन्यांत एकच जिंकला. याला कारणं अनेक असतील, पण एक गोष्ट उघड आहे. घाईचं आक्रमण फसलं, तर तेही घाईनेच फसतं, आणि आपलाच दमलेला बचाव लगेच पुन्हा मैदानात येतो. हत्यार दुधारी आहे.

मग ऑरेगनला उत्तर कोणी दिलं? स्टॅनफर्डने. 2012 मध्ये त्यांनी अपराजित ऑरेगनला 17-14 असं हरवलं. 2013 मध्ये 26-20 असं हरवताना 60 पैकी 42 मिनिटांहून अधिक वेळ चेंडू स्वतःकडे ठेवला. संथ, जड, जुन्या वळणाचा खेळ. चेंडू हातात नसेल तर वेग कशाचा? आमच्या मते वेगाचं मर्म या संथ संघालाच सर्वांत नीट कळलं होतं.

आता खरा पेच. अलाबामाचे निक सेबन हे त्या काळातले सर्वांत यशस्वी प्रशिक्षक. खेळाडूंना दम घ्यायला न देणारा हा खेळ आपल्याला हवा आहे का, असा प्रश्न त्यांनी 2012 मध्ये उभा केला. फेब्रुवारी 2014 मध्ये प्रस्ताव आला: 40 सेकंदांच्या घड्याळातले पहिले 10 सेकंद चेंडू खेळात आणू नये, म्हणजे बचावाला खेळाडू बदलता येतील. त्या वर्षी नियम बदलायचा तर खेळाडूंची सुरक्षितता हे एकच दार उघडं होतं. विरोधकांनी विचारलं, पुरावा कुठे आहे? मार्चमध्ये प्रस्ताव मागे घेतला गेला. आणि सेबन? त्यांनी जानेवारीतच लेन किफिन यांना आक्रमणाचे प्रशिक्षक म्हणून आणलं होतं, आणि पुढच्या हंगामात अलाबामाही वेगाने खेळू लागला.

इथे टाळ्या पिटून ‘ढोंग उघडं पडलं’ म्हणणं सोपं आहे. पण बोलणाऱ्याचा स्वार्थ दिसला म्हणून त्याचा प्रश्न खोटा ठरत नाही, हे आपण विद्यार्थ्यांना पहिल्याच वर्षी शिकवतो. जितके डाव जास्त, तितक्या वेळा ही मुलं एकमेकांवर आदळणार. तेव्हा त्यांना शिष्यवृत्ती मिळे, पगार नव्हे. आणि वेग किती असावा हे कोणी त्यांना विचारल्याचं दिसत नाही. प्रश्न विचारणाऱ्यानेच वेग स्वीकारला, आणि प्रश्न अनुत्तरित राहिला. अनुकरणाचा हा सर्वांत मोठा तोटा आम्हाला वाटतो: सगळे एकसारखं वागू लागले की विचारणारं कोणी उरत नाही.

जाता जाता एक गंमत. हडल गेला, मग चाल सांगायची कशी? मैदानाच्या कडेवरून हाताच्या खुणांनी आणि चित्रांच्या फलकांवरून. त्या खुणा समोरचा संघ वाचणार, ही हबर्डची जुनी अडचण सव्वाशे वर्षांनी परत आली. अखेर 2024 मध्ये वरच्या गटातल्या कॉलेज संघांना एका खेळाडूच्या हेल्मेटमधून सूचना द्यायची परवानगी मिळाली.

तेव्हा दुसऱ्याचं काही उचलताना आपणही विचारू या, हे त्याने कोणत्या अडचणीसाठी केलं होतं, आणि ती अडचण आपली आहे का? इथे थांबतो.